चिनी आडनावांची कुळकथा : प्रस्तावना

इसवी सन 638 मध्ये चीनच्या तांग वंशाचा दुसरा सम्राट ताइझोंग याच्यापुढे, त्याच्याच हुकुमावरून तयार झालेली, साम्राज्यातील प्रतिष्ठित घराण्यांच्या प्रतवारीची बाडे जेव्हा सादर करण्यात आली, तेव्हा पहिल्या प्रतीच्या आरंभी स्वतःचे ली हे कुलनाम न आढळता छुइ मिनगान नावाच्या एका अधिकाऱ्याचे घराणे तेथे विराजमान झालेले पाहून त्या पराक्रमी पुरुषाला जो संताप आला, त्याची हकीकत चिनी इतिहासकारांनी मोठ्या तपशिलाने नोंदवून ठेवली आहे. सम्राटाचे म्हणणे थोडक्यात असे की, छुइ घराण्याशी आपले काही वैर नाही. परंतु ज्यांच्यात आता कोणी मोठ्या हुद्द्यावर उरलेला नाही आणि जे पूर्वजांच्या नावावर लग्नसंबंधांत भरमसाट द्रव्य उकळतात, त्यांना आजच्या दरबारातील कर्त्या माणसांहून वरचे पान कोणत्या न्यायाने वाढावयाचे? बाडे परत गेली, कारकुनांनी लेखण्या पुन्हा सरसावल्या, आणि 293 कुलनामे व त्यांतील 1651 घराणी नऊ प्रतींत लावून जेव्हा दुरुस्त यादी सिद्ध झाली, तेव्हा सम्राटाचे ली घराणे पहिल्या, राणीकडील आप्त दुसऱ्या आणि छुइ तिसऱ्या प्रतीत बसले. यादी दुरुस्त झाली तरी लोकांची नजर दुरुस्त झाली नाही. खुद्द ताइझोंगचे मंत्रीही आपल्या मुलांसाठी छुइ, लू, झेंग अशा जुन्या घराण्यांच्याच मुली शोधीत राहिले. पुढे 659 मध्ये अशा सात घराण्यांनी आपापसांत सोयरीक करू नये असा फर्मानवजा मनाई-हुकूम निघाला, तेव्हा त्या मंडळींनी ‘विवाहबंदीची घराणी’ हेच बिरुद अभिमानाने मिरवावयास आरंभ केला आणि त्यांचा भाव उतरण्याऐवजी चढला.

चिनी आडनावांविषयी जे सर्वसामान्य लेखन आढळते त्याचा सूर याहून निराळा असतो. पीतसम्राट ह्वांग-दी हा सर्वांचा आदिपुरुष, त्याच्यापासून निघालेल्या शाखा-उपशाखा म्हणजेच आजची कुलनामे, आणि प्रत्येक वांग, प्रत्येक चेन हा त्या एकाच अखंड रक्तप्रवाहाचा वारस, अशी ती मांडणी असून, ती श्रद्धेच्या प्रांतात कितीही रमणीय असली तरी इतिहासाच्या प्रांतात टिकत नाही. या पुस्तकासाठी घराण्याघराण्यांच्या हकीकती जुळवीत असता माझे मत असे बनत गेले की, चिनी कुलनाम हे वंशाचे लक्षण असण्यापेक्षा पुष्कळदा सनदेच्या जातीचे असते : राजसत्ता ते इनाम देते, जप्त करते, बहाल करते, वेळ पडल्यास त्यातील अक्षरही बदलून टाकते, आणि मग ज्यांच्या पदरी ते पडले ती माणसे दोनतीन पिढ्यांत त्यालाच रक्त समजून त्याभोवती खरोखरीचे भाऊबंदकीचे, सुतकाचे आणि सोयरिकीचे व्यवहार उभारतात. चिनी मुलांना शतकानुशतके पाठ करावयास लावलेली ‘शंभर कुलनामे’ ही पद्यमय यादी पाहिली तरी हे दिसते. सुंग राजवटीच्या आरंभी रचलेल्या आणि नावात शंभर असूनही पुढे 504 कुलनामांपर्यंत वाढलेल्या या यादीत पहिले नाव झाओ आहे, ते झाओ लोक संख्येने सर्वांत अधिक होते म्हणून नव्हे, तर सिंहासनावर झाओ बसले होते म्हणून. आणि दुसरे छ्येन आहे, कारण ज्या वू-युए प्रांतात ही यादी झाली असे मानतात तेथील राजे छ्येन होते.

परंतु आरंभापासून आरंभ करावयाचा तर झोउ राजवटीकडे, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षे मागे जावे लागते. त्या काळी ‘शिंग’ आणि ‘शि’ अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि आज ज्यांना आपण सरसकट आडनावे म्हणतो ती बहुतेक दुसऱ्या जातीची आहेत. शिंग हे अतिप्राचीन मूळ कुळाचे नाव; अशी कुळे थोडीच होती, आणि त्यांतील जी, ज्यांग, स, यिंग, याओ यांसारखी पुष्कळ नावे लिहिताना अक्षरात ‘स्त्री’ हे चिन्ह येते, एवढेच काय, खुद्द शिंग हे अक्षरही ‘स्त्री’ आणि ‘जन्म’ या दोन चिन्हांच्या जोडणीतून झालेले आहे. यावरून एके काळी चिनी समाज मातृवंशीय होता असे अनुमान पुष्कळांनी बांधले आहे. अनुमान मोहक आहे, पण एवढ्या एका खुंटीवर इतका मोठा अंगरखा टांगावा असे मला वाटत नाही. शि ही मात्र शाखेची खूण होती, आणि ती सरदारवर्गापुरतीच होती. सुंग काळातील झेंग छ्याओ या व्यासंगी पंडिताने 1161 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या प्रचंड ज्ञानसंग्रहात या विषयाला एक स्वतंत्र भाग दिला असून, पुरुष शि लावीत आणि स्त्रिया शिंग लावीत, शि ही उच्चनीच ठरविण्यासाठी व शिंग हे विवाहसंबंध ठरविण्यासाठी असे, हा भेद त्याने जितक्या स्वच्छपणे सांगितला आहे तितका त्याच्या आधी क्वचितच कोणी सांगितला असेल.

शि कशी निपजत असे याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. मांडलिक राजाचा मुलगा तो ‘गोंगझी’, म्हणजे राजपुत्र. त्याचा मुलगा ‘गोंगसुन’, म्हणजे राजपौत्र. येथवर राजाशी असलेले नातेच त्याची ओळख पुरवीत असे. पणतूला मात्र ही सोय नसे, आणि तेव्हा तो पुष्कळदा आपल्या आजोबाच्या उपनावातील अक्षर उचलून त्याची शि करीत असे. कन्फ्यूशियसच्या घराण्याचे उदाहरण याच वळणाचे आहे. त्याचे मूळ कुळ शांग राजांचे, म्हणून शिंग ‘झी’. शांग राजवट बुडाल्यावर तिच्या वारसांना सुंग नावाचे लहानसे संस्थान मिळाले, त्या संस्थानात ‘कोंगफू ज्या’ या नावाचा एक मंत्री दरबारी कलहात मारला गेला, त्याचे वंशज लू संस्थानात आश्रयास गेले, आणि त्या मृत मंत्र्याच्या उपनावातील ‘कोंग’ हे अक्षर त्यांनी धारण केले. राजपद, मंत्रिपद आणि देशांतर या तिन्हींचा इतिहास एका अक्षरात मावला आहे.

इ. स. पू. 221 मध्ये छिन राजाने सारी संस्थाने खालसा करून एकछत्री साम्राज्य स्थापिले, आणि संस्थानांबरोबर शि धारण करण्याचा सरदारी हक्कही निरर्थक झाला. सारा वसूल करावयाचा, वेठीला माणसे न्यावयाची, सैन्यात भरती करावयाची, तर कुटुंबवार पट हवा, आणि पटावर माणूस चढवावयाचा तर त्याला आडनाव हवे. या सरकारी निकडीतून सामान्य रयतेला कुलनामे मिळाली असे म्हणण्यास हरकत नाही. यानंतरच्या हान वंशाचा संस्थापक ल्यू बांग हा साधा खेडूत होता. त्याच्या चरित्राच्या आरंभी सीमा छ्येन या थोर इतिहासकाराने त्याच्या बापाला नुसते ‘थोरले गृहस्थ’ आणि आईला ‘ल्यूंची म्हातारी’ एवढेच म्हटले आहे, यापलीकडे त्या उभयतांची नावे त्याने दिलेली नाहीत. शिंग आणि शि यांची सरमिसळ याच सीमा छ्येनच्या ग्रंथापासून रूढ झाली असा ठपका सतराव्या शतकातील गू यानवू या चिकित्सकाने त्याच्यावर ठेवला आहे. ज्याने हा घोटाळा केला त्याचे स्वतःचे सीमा हे आडनाव मात्र अस्सल शि होते : सीमा म्हणजे अश्वदलाचा अधिकारी, आणि आपले पूर्वज तो हुद्दा भूषवीत होते हे सीमा छ्येनने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. आपल्याकडील चिटणीस-फडणिसांना हे वळण निराळे सांगावयास नको. हुद्द्यांवरून, बुडालेल्या संस्थानांवरून (चेन, सुंग, वू, झेंग, त्साइ ही सारी एके काळची राज्ये), वस्तीच्या जागेवरून (शीमेन म्हणजे पश्चिमद्वार), धंद्यावरून (ताओ म्हणजे कुंभारकाम) अशी जी वर्गवारी प्रत्येक कोशात सापडते ती येथे पुन्हा मांडण्यात स्वारस्य नाही. झेंग छ्याओने तिचे बत्तीस प्रकार केले आहेत आणि ते वाचताना मलाही कधी कधी डुलकी लागली आहे.

खरा रस आहे तो दिलेल्या आणि काढून घेतलेल्या नावांत. श्यू शिजी हा तांग राजवटीच्या उभारणीतील एक अग्रगण्य सेनापती. पहिल्या सम्राटाने त्याच्यावर प्रसन्न होऊन त्याला आपले राजघराण्याचे ली हे आडनाव इनाम दिले, तेव्हा तो ली शिजी झाला. पुढे सम्राट ताइझोंगच्या ली शिमिन या नावात ‘शि’ असल्यामुळे आणि राजाच्या नावातील अक्षर प्रजेने वापरू नये असा दंडक असल्यामुळे ते अक्षर गळून तो ली जी उरला. आणि 669 मध्ये मरण पावल्यावर त्याला ताइझोंगच्या समाधीच्या परिसरात सन्मानाने पुरण्यात आले. येथवर सारे यथास्थित. परंतु 684 मध्ये त्याचा नातू ली जिंगये याने राजमाता वू झत्येन हिच्याविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा त्या करारी बाईने केवळ फौज रवाना करून न थांबता त्या घराण्याकडून ली हे आडनाव जप्त केले, त्यांना पुन्हा श्यू केले, आणि आजोबांचे थडगे उकरून टाकविले. आडनावाची शिक्षा देण्यात या बाईचा हातखंडा होता : 655 मध्ये तिने पदच्युत राणी वांग हिच्या कुळाचे नाव बदलून ‘मांग’, म्हणजे अजगर, असे केले, आणि उपपत्नी श्याओ हिच्या कुळाचे नाव उच्चाराने तसेच ठेवून अक्षर मात्र घुबडाचे घातले. ही अजगर-घुबडे तिच्या पश्चात पूर्ववत माणसे झाली.

राजाच्या नावातील अक्षराचा तो दंडक किती त्रासदायक होऊ शके हे सुंग काळातील महामंत्री वेन यानबो (1006–1097) याच्या घराण्यावरून कळते. त्याचे पूर्वज मूळचे ‘जिंग’. दहाव्या शतकात शि जिंगतांग नावाचा सेनानी सम्राट झाला, त्याच्या नावात तेच अक्षर, म्हणून घराण्याने ‘वेन’ हे नाव घेतले. ती अल्पजीवी राजवट गेल्यावर त्यांनी जुने नाव परत लावले. आणि मग सुंग आले, ज्यांच्या संस्थापकाच्या आजोबाचे नावच झाओ जिंग, तेव्हा पुन्हा वेन. वंशावळीच्या कागदावर ही एकच वेल. दरबारच्या नोंदीत मात्र तिने तीनदा कात टाकली आहे.

परकीयांची कथा तर याहूनही बोलकी आहे. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या श्यानबेइ टोळ्यांचा सम्राट श्याओवेन याने राजधानी लोयांगला हलविल्यानंतर 496 मध्ये आपल्या लोकांची अनेकाक्षरी नावे टाकून एकाक्षरी चिनी नावे घेण्याचा हुकूम काढला आणि स्वतःपासून सुरुवात करून ‘तुओबा’ या राजकुलाचे ‘युआन’ केले. बुल्यूगूंचे लू झाले, दुगूंचे ल्यू झाले. पुढे 554 च्या सुमारास वारे फिरले आणि पश्चिमेकडील राजवटीचा सूत्रधार युवेन ताइ याने उलट चिनी सरदारांनाच श्यानबेइ नावे वाटली. तेव्हा भावी सुइ सम्राटांचे यांग घराणे ‘पुल्यूरू’ झाले आणि भावी तांग सम्राटांचे ली घराणे ‘दाये’ झाले. 580 मध्ये यांग ज्यानने सर्वांना आपापली मूळ नावे घेण्यास मुभा दिली. म्हणजे ज्या ताइझोंगला छुइ मंडळींच्या प्रतिष्ठेचा इतका राग आला, त्याचे पणजोबा आडनावाने दाये होते! आणि ज्यांनी आपले तुओबापण सोडून युआन हे नाव घेतले त्यांच्याच वंशात तांग काळचा युआन झेन हा अव्वल दर्जाचा चिनी कवी जन्मला.

समरकंद-बुखाऱ्याहून आलेल्या सोग्दी व्यापाऱ्यांची कांग आणि आन ही नावे, चिनी मुसलमानांत महंमदाच्या नावावरून पुष्कळ ठिकाणी रूढ झालेले ‘मा’, आणि 1911 नंतर मांचू घराण्यांनी घाईघाईने केलेली नामांतरे यांचा परामर्श पुढे यथास्थळी घेतला आहे. कालिकतच्या बंदरात आरमार घेऊन आलेला झेंग ह हाही मूळचा युन्नानमधील ‘मा’. त्याचे झेंग हे आडनाव 1404 मध्ये योंगले सम्राटाने दिलेले. येथे मात्र मराठी वाचकासाठी भारतातून गेलेल्या नावांवर थोडा थांबतो. भारताला चिनी भाषेत ‘त्येनझू’ म्हणत, आणि त्यातील ‘झू’ हे अक्षर भारतीय भिक्षूंचे आडनाव ठरले. चिनी शिष्य आपल्या गुरूचे आडनाव घेत असल्यामुळे जे कधी हिंदुस्थानात आले नाहीत असेही पुष्कळ भिक्षू झू झाले. तुनहुआंगचा धर्मरक्ष हा युएझी वंशाचा भाषांतरकार झू फाहू या नावानेच ओळखला जातो. चौथ्या शतकात आचार्य दाओआन यांनी ठरविले की भिक्षूला गुरूचे आडनाव नको, बुद्धाचे हवे, आणि तेव्हापासून सारे चिनी भिक्षू शाक्यमुनीतील पहिल्या अक्षरावरून ‘शि’ हे एकच आडनाव लावतात. गृहस्थी भारतीयांचेही एक घराणे तांग दरबारात नांदले : ‘छुतान’, म्हणजे गौतम. या गौतमांच्या चार पिढ्या राजज्योतिष खात्यात होत्या, आणि त्यांतील गौतम सिद्ध याने 718 मध्ये सम्राटाच्या आज्ञेवरून नवग्रहांचे पंचांग चिनीत आणले, ज्यात शून्याचे टिंब आणि ज्याकोष्टक ही दोन्ही होती. त्याच्या मुलाचे थडगे 1977 मध्ये शिआनजवळ सापडले. या गौतमांनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने, 1924 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला गेले असता त्यांच्या वाढदिवशी ल्यांग छीचाओ या विद्वानाने त्यांना ‘झू झेनदान’ हे चिनी नाव अर्पण केले ते याच ‘झू’ परंपरेतले. आणि 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांनी आपल्या नावांना चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले. त्यांतील सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हे ‘के दिहुआ’ झाले. के हे चीनमधील जुने, प्रस्थापित आडनाव आहे, आणि कोटणिसांच्या चिनी पत्नीपासून झालेला मुलगा यिनहुआ हा रीतसर के याच आडनावाचा होता.

इतकी सरमिसळ असूनही समान आडनावाच्या स्त्रीपुरुषांनी विवाह करू नये हा नियम मात्र चिनी कायद्याने विलक्षण कठोरपणे पाळला. तांग दंडसंहितेत त्यास दोन वर्षांची सक्तमजुरी होती. मिंग आणि छिंग काळी दोघांना साठ फटके मारून विवाह रद्द करीत. एक ली मूळचा टोळीवाला, दुसऱ्या लीच्या पूर्वजाला रणांगणावर आडनाव मिळालेले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते भाऊबहीण! छिंग राजवटीच्या अखेरच्या कायदेसुधारणेत ही तरतूद गेली. आपल्याकडेही सगोत्र विवाहाला 1946 च्या कायद्याने मोकळीक मिळाली, तेव्हा हसण्याचा अधिकार आपणास फारसा नाही. चिनी स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतर टिकते, याचे आपल्याकडे कोणी कोणी फार कौतुक करतात, आणि तांदळांत नवे नाव लिहून मुलीचे पाळण्यातले नावही बदलणाऱ्या समाजाला ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या चीनमध्ये ते टिकत असे याचे कारण सासरच्या वंशात ती कायमची परकी गणली जाई हे होते, आणि वंशावळीत तिची नोंद बहुधा ‘वांग कुळातील’ एवढीच होत असे, तिच्या स्वतःच्या नावाला जागाच नव्हती. पतिपत्नींना आपापले आडनाव वापरण्याचा समान हक्क 1950 च्या विवाह कायद्याने दिला, आणि अपत्याने आईचेही आडनाव घ्यावे ही मुभा 1980 च्या कायद्याने. कोंग घराण्याची जी वंशावळ 2009 मध्ये छुफू येथे प्रसिद्ध झाली, तिच्यात ऐंशीहून अधिक पिढ्यांतील वीस लाखांवर माणसांची नोंद असून, मुलींना तीत प्रथमच स्थान मिळाले.

आजच्या चीनमध्ये वांग आणि ली ही प्रत्येकी दहा कोटींच्या घरात आहेत, आणि 2020 च्या सरकारी नोंदीप्रमाणे वांग, ली, झांग, ल्यू व चेन या पाच आडनावांत मिळून 30.8 टक्के लोक येतात. उलट बाजूस अशी दुर्मीळ आडनावे आहेत की त्यांचे अक्षर संगणकाच्या अक्षरसंचात नसल्यामुळे ओळखपत्राच्या कचेरीत त्या लोकांवर खोळंबत राहण्याची वेळ येते, आणि कित्येकांनी कंटाळून सोपे अक्षर घेतले आहे.

उच्चारांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. एकच अक्षर पेकिंगमध्ये चेन, कॅन्टनमध्ये चान आणि फूच्येनमध्ये तान असे वाचले जाते. ह्वांग हे कॅन्टनी लोकांत वोंग आणि फूच्येनी लोकांत ऊइ होते. त्यामुळे सिंगापूर, जकार्ता किंवा कोलकात्याच्या टांगरा भागात एकाच कुळाची माणसे वेगवेगळ्या आडनावांची भासतात. पुढील प्रकरणांत उत्तरेकडील प्रमाण उच्चार धरला असून देवनागरीत तो अदमासानेच उतरतो. प्रकरणांचा क्रम ‘शंभर कुलनामां’च्या यादीप्रमाणे न लावता प्रत्येक घराण्याची नोंद प्रथम ज्या काळी विश्वसनीयपणे सापडते त्या कालानुक्रमाने लावला आहे. कोंगांचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, कारण कागदपत्रे त्यांचीच सर्वांत अधिक आहेत. ज्यांना यज्ञपात्रांच्या आणि इनामजमिनींच्या तपशिलाचा कंटाळा आहे त्यांनी ते वगळून श्यानबेइंच्या प्रकरणापासून वाचावयास घेतले तरी दुवा तुटणार नाही.